उतारावर आखूड झालेला स्टेम

सायकलवरून पडलेला माणूस उठला की आधी पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरतो आणि वाकडं झालेलं हँडल सरळ करतो. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीवर वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागलेलं नाही. हँडल वाकडं होतं, कारण ते चिमट्याच्या नळीत खोचलेलं असतं. आत एक पाचर आणि ती ताणून धरणारा लांबलचक बोल्ट. मिस्त्री बोल्ट चार आटे सैल करतो, त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला देतो, पाचर सुटते आणि अख्खं हँडल वर निघून येतं. चिमट्याची उभी नळी आणि हँडलची आडवी दांडी यांना जोडणारा, मानेसारखा पुढे आलेला जो भाग, तो स्टेम. काळ्या सायकलीत तो हँडलशी एकजीव असल्याने त्याचं वेगळं नाव घ्यायची वेळ सहसा येत नाही. डोंगरउतारावरच्या माउंटन बाइकवर मात्र याच तुकड्याचं माप तीनेक दशकांत निम्म्याहून खाली आलं: एके काळी 130-140 मिलिमीटर, आज 35 ते 50.

हा बदल बहुधा अडाणीपणातून शहाणपणाकडे झालेला प्रवास म्हणून सांगितला जातो. नव्वदच्या दशकातल्या लोकांना काही कळत नव्हतं, म्हणून ते लांब स्टेम लावून उतारावर तोंडघशी पडत. पुढे शहाणपण आलं आणि स्टेम आखूड झाला, असा त्याचा सूर असतो. मला ही मांडणी पटत नाही. स्टेम ही सायकलच्या मापातली शिल्लक बाकी आहे. सांगाडा, हँडल, बैठक आणि शर्यतीचे नियम यांचा हिशेब मांडून झाल्यावर जे अंतर उरतं, ते स्टेमने भरायचं असतं. लांब स्टेम हे एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं. प्रश्न बदलला, तसं उत्तर बदललं. उतारासाठी स्टेम निवडणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवला नाही, तर चांगला आखूड स्टेम विकत घेऊनही तो सायकल बिघडवून ठेवतो.

माउंटन बाइकची सुरुवात तर उतारावरच झाली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनवरून काही तरुणांनी घड्याळ लावून उतरण्याची शर्यत घेतली. तिच्या आयोजनात पुढे होता चार्ली केली. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला मातीचा रस्ता, साधारण 3.4 किलोमीटर लांब, आणि तेवढ्यात 400 मीटरची उतरण. सायकली 1930-40 च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, श्विन एक्सेलसियरसारख्या. भंगारातून किंवा कुणाच्या तरी परसातून उचललेल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. उतारावर तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत रीपॅक म्हणतात. शर्यतीचं नाव तेच पडलं. गॅरी फिशरची विक्रमी वेळ 4 मिनिटं 22 सेकंद, जो ब्रीझची त्याहून दोन सेकंद जास्त. मला इथे महत्त्वाची वाटते ती या सायकलींची ठेवण. हँडल रुंद आणि उंच, त्यावर पुढे मोटरसायकलच्या ब्रेकचे लिव्हरही आले. पुढच्या नळीचा कोन जमिनीशी 68 अंशांच्या आसपास, म्हणजे चिमटा बराच पुढे निजलेला. बसणारा जवळजवळ ताठ. हात पुढे ताणायचे नसल्याने लांब स्टेमचं काही कामच नव्हतं. आजची उतारावरची सायकल शेजारी उभी केली, तर दोघींचं नातं लगेच ध्यानात येतं.

1979 मध्ये फिशर आणि केली यांनी माउंटनबाइक्स या नावाने धंदा सुरू केला. सांगाडे टॉम रिचीने बनवलेले. रिचीचं बुलमूस हँडल त्या काळाची खूण मानलं जातं. त्यात एकाच मानेतून दोन नळ्या फाकत पुढे जातात आणि हँडलच्या दांडीला दोन जागी झाळलेल्या असतात. वरून पाहिलं की स्वच्छ त्रिकोण दिसतो. एका नळीच्या टोकावर आडवी दांडी बसवली की खडकावर आदळताना ती मुरडते, कधी गरकन फिरतेसुद्धा. त्रिकोणाला ती मुभा नाही. घट्टपणाचा प्रश्न रिचीने असा लोहारी पद्धतीने, एका फटक्यात सोडवला. पण त्याबदल्यात माप गेलं. बुलमूसची लांबी बदलायची तर अख्खं हँडलच बदलावं लागे. एका उंचीच्या माणसाला बसेल ते दुसऱ्याला बसेलच असं नाही, आणि बसत नसेल तर करण्यासारखं काही नाही. घट्टपणा हवा की अंगाला बसणारं माप, असा पेच स्टेमच्या इतिहासात इथे पहिल्यांदा स्पष्ट उभा राहिला, आणि पुढची दहाएक वर्षं पारडं मापाच्या बाजूने झुकलं.

ते का झुकलं, याचं उत्तर शर्यतींत आहे. 1981 साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली आणि माउंटन बाइक कारखान्यात बनू लागली. 1983 मध्ये नोर्बा ही संघटना स्थापन झाली, शर्यतींना नियम आले, आणि त्यात मान मिळाला तो चढ-उतार दोन्ही असलेल्या क्रॉस-कंट्री प्रकाराला. आता एक साधा हिशेब करून पाहा. एक किलोमीटर चढ ताशी 8 किलोमीटर वेगाने चढायला साडेसात मिनिटं लागतात. तोच उतार ताशी 24 ने उतरायला अडीच. म्हणजे शर्यतीतला तीन चतुर्थांश वेळ चढावर जातो. चढावर पाच टक्के वेळ वाचला तर साडेबावीस सेकंद कमावले. त्यासाठी उतारावर पाच टक्के गमावले तरी साडेसातच सेकंद गेले. असं गणित असताना कोण उतारासाठी सायकल बांधेल? चढावर पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून अंग पुढे वाकलेलं हवं, आणि ते वाकवायची तयार रीत रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत होती: अरुंद हँडल, लांब स्टेम, उंच बैठक. पुढच्या नळीचा कोन उभा होत 71 अंशांवर आला. हँडल 560 मिलिमीटरपर्यंत कापलं गेलं. सांगाडे आखूडच राहिले आणि उरलेलं अंतर 130-140 च्या स्टेमने भरून काढलं. 1989 मध्ये पॉल टर्नरचा रॉकशॉक्स आरएस-1 हा हादरे शोषणारा चिमटा बाजारात आला. त्याने सायकलचं नाक उंच झालं, तेव्हा हात पुन्हा खाली आणण्यासाठी स्टेम आणखी सपाट आणि लांब झाला. रस्त्याचा पगडा किती होता, ते 1990 च्या हंगामात दिसतं. कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला त्या वर्षी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. जॉन टोमॅक तेव्हा रस्त्यावरच्या शर्यतींतही उतरत असे आणि अंगाची ठेवण बदलू नये म्हणून माउंटन बाइकवरही मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल वापरत असे. उतारावरसुद्धा.

इथे एक शंका रास्त आहे. लांब स्टेम उतारावर इतका गैरसोयीचा असेल, तर त्या काळचे लोक उतरत तरी कसे होते? कारण ते उतरत होते आणि जोरात उतरत होते. उत्तर त्यांच्या अंगाच्या ठेवणीत आहे. ढुंगण बैठकीच्याही मागे, जवळजवळ मागच्या टायरवर, आणि हात पुढे सरळ ताणलेले. ही ठेवण उताराचं कौशल्य म्हणून शिकवली जाई. खरं तर ती लांब स्टेमवरचा उतारा होती. स्टेमने हात पुढच्या चाकावर नेऊन ठेवले होते, म्हणून धड मागे फेकावं लागे. हात ताणलेले असले की कोपराला वाकायला जागा राहत नाही, हादरा थेट खांद्यात जातो, पुढच्या चाकावरचं वजन हलकं होतं आणि ऐन वळणावर चाक घसरतं. जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी 1984 च्या सुमारास हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग काढली होती. चालत्या सायकलीवर पकड सैल करून बसलं की बैठक खाली जाई, उठलं की वर येई. म्हणजे मधे येणाऱ्या बैठकीची अडचण रीपॅकच्या मंडळींना पहिल्यापासून ठाऊक होती. फक्त शर्यतीच्या गणितात तिला किंमत नव्हती.

बदल शक्य झाला तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या शोधामुळे. जॉन रेडर या अमेरिकन माणसाला 1992 मध्ये पेटंट मिळालं, आणि डाया-कॉम्पे कंपनीने ती कल्पना एहेडसेट या नावाने विकली. यात पाचर नाही, चिमट्याच्या नळीवर आटे नाहीत. नळी सरळ वर येते आणि स्टेम तिला बाहेरून मिठी मारतो. वरच्या टोपीचा बोल्ट छर्ऱ्यांवर हवा तेवढा दाब देण्यापुरता. स्टेम धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. त्यामुळे आधी टोपी, मग बाजूचे बोल्ट हा क्रम. तो चुकवणारे आजही कमी नाहीत. या रचनेत दोन गोष्टी एकदम झाल्या. पूर्वी स्टेमची दांडी नळीच्या आत असल्याने तिची जाडी नळीच्या आतल्या मापाने बांधलेली होती. बाहेरची मिठी हवी तेवढी रुंद करता आली आणि घट्टपणा वाढला. शिवाय पुढच्या तोंडाला चार बोल्टची झडप आली. जुन्या एक-बोल्टी स्टेममधून हँडल काढायचं तर एका बाजूची मूठ, ब्रेक, गिअरचा खटका सगळं उतरवावं लागे. झडप आल्यावर तेच काम दहा मिनिटांचं झालं. मला यात इतिहासाचं खरं वळण दिसतं. स्टेम बदलून पाहणं सोपं झाल्यावरच लोक प्रयोग करू लागले, आणि प्रयोग करू लागल्यावरच त्यांना कळलं की 20 मिलिमीटर कमी केल्याने सायकल वेगळीच वागते. बीएमएक्समधून आणि मोटोक्रॉसमधून आलेले उतारबहाद्दर तर आखूड स्टेमची सवय घेऊनच आले होते.

वेगळी वागते म्हणजे काय, ते कागदावर काढून पाहता येतं. हँडल वळवताना हात चिमट्याच्या अक्षाभोवती एका वर्तुळात फिरतात. 560 च्या हँडलवर तळहात मध्यापासून साधारण 240 मिलिमीटरवर असतो. स्टेम 135 चा असेल, तर तळहात अक्षाच्या बाजूला नव्हे, चांगला तिरका पुढे असतो, जवळजवळ 29 अंश. त्यामुळे वळवताना हात जितका पुढे-मागे सरकतो त्याच्या निम्म्याहून जास्त आडवा सरकतो. नावेचं सुकाणू धरल्यासारखं. आज 780 च्या हँडलवर तळहात 350 वर असतो. 40 च्या स्टेमने तो साडेसहा अंशच पुढे जातो, आणि हँडलच्या टोकांना मागे दिलेला बाक धरला तर तळहात अक्षाच्या रेषेवर येऊन टेकतो. ढकललं की चाक वळतं, मधे काही नाही. मात्र याची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. 71 अंशांचा उभा चिमटा आणि 26 इंची चाक, यांत चाकाचा जमिनीला टेकण्याचा बिंदू अक्षाच्या साधारण 75 मिलिमीटर मागे पडतो, 63.5 अंशांचा निजलेला चिमटा आणि 29 इंची चाक घेतलं, तर 135 मिलिमीटर. याला ट्रेल म्हणतात. ट्रेल जितका जास्त, तितकं चाक आपणहून सरळ राहू पाहतं आणि वळायला तितकं जड. म्हणजे उभ्या चिमट्याची चपळ सायकल लांब स्टेमने शांत केली जात होती, आणि निजलेल्या चिमट्याची जड सायकल रुंद हँडल व आखूड स्टेमने हलकी केली जाते. दोन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर आहेत. जुन्या 71 अंशांच्या सांगाड्यावर अरुंद हँडल ठेवून नुसता 35 चा स्टेम चढवला, तर सायकल बावचळल्यासारखी चालते.

घट्टपणाची गोष्टही अशीच जोडीने चालते. एका हाताने हँडल खाली दाबलं आणि दुसऱ्याने वर ओढलं की स्टेम पिळला जातो. हँडल 560 वरून 780 झालं की त्याच जोराने बसणारा पीळ जवळजवळ दीडपट होतो. घट्ट स्टेमची गरज अशी रुंद हँडलनेच निर्माण केली, आणि आखूड लांबीने ती भागवली. जाडी आणि धातू तोच ठेवला तर 135 चा स्टेम 45 च्या तिप्पट पिळतो, आणि वाकण्याच्या बाबतीत हा फरक लांबीच्या घनाने, म्हणजे 27 पटींनी वाढतो. (प्रत्यक्षात लांब स्टेमची भिंत जाड करून कारखानदार यातलं बरंच भरून काढत, पण वजन वाढवून.) दांडीचंही तसंच: मधल्या पकडीचं माप 25.4 वरून 31.8 मिलिमीटर झालं, तेव्हा भिंत तीच ठेवली तरी घट्टपणा जवळजवळ दुप्पट झाला. 2012-13 च्या सुमारास 35 मिलिमीटरचं माप आलं. त्याने आणखी एक तृतीयांश भर पडली. इथे मात्र गणित माणसाच्या मनगटापाशी येऊन थांबलं. 35 च्या दांड्या हाताला झोंबतात अशा तक्रारी आल्या आणि काही कारखान्यांनी मग मुद्दाम थोड्या लवचीक 35 च्या दांड्या काढल्या. 31.8 आजही टिकून आहे. नवं माप विकण्याची कारखानदारांची हौस यामागे नव्हती, असं मी म्हणणार नाही.

सांगाडा लांब करण्याचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही, तरी दोन टप्पे ठळक आहेत. गॅरी फिशरच्या कंपनीने 1998 च्या सायकलींत जेनेसिस नावाची रचना आणली: वरची नळी लांब, स्टेम आखूड. रीपॅकचा विक्रमवीर वीस वर्षांनी तिथेच परत आला, यात मला योगायोग वाटत नाही. दुसरा टप्पा स्पेनच्या मोंड्रेकर कंपनीचा. माजी उतारशर्यतपटू सेझार रोहो याच्या डोक्यातून निघालेली फॉरवर्ड जिऑमेट्री 2013 च्या सायकलींत आली. सांगाडा बराच लांब आणि स्टेम 30 चा, काहींवर तर 10 मिलिमीटरचा. 10 म्हणजे हँडलची दांडी जवळपास नळीच्या डोक्यावरच. इतर कारखाने आधी बिचकले, मग सगळेच त्या वाटेने गेले. मध्यम मापाच्या सांगाड्याचा रीच, म्हणजे पायडलच्या धुऱ्यापासून पुढच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर, साधारण 400 वरून 450 च्या पुढे गेलं. पण हिशेब चोख करायचा तर विचारलं पाहिजे की स्टेमचे नऊ-दहा सेंटीमीटर गेले कुठे. पाचेक सांगाड्याने घेतले. रुंद हँडलने हात फाकतात, त्यात दोनेक गेले. उरलेले कुणीच घेतले नाहीत. माणूस सरळ बसू लागला, मरीन काउंटीतल्या पोरांसारखा.

आखूड स्टेमने चढ बिघडतो, हा जुना आक्षेप आजही ऐकू येतो, आणि जुन्या सांगाड्यापुरता तो खरा आहे. नव्या सांगाड्यात बैठकीच्या नळीचा कोन 73 वरून 76-77 अंशांवर उभा झाला. बैठक पायडलपासून 70 सेंटीमीटर उंच असेल, तर 73 ते 77 एवढ्या फरकाने माणूस 5 सेंटीमीटर पुढे सरकतो. पुढच्या चाकावर वजन आणायचं जे काम स्टेम करत होता, ते आता बैठक करते. उतारावर ती बटण दाबून खाली घालता येते, हाइट-राइटचं अपुरं राहिलेलं काम तिथे पुरं झालं. क्रॉस-कंट्रीवाले मात्र अजूनही उतारवाल्यांहून लांब स्टेम वापरतात, आणि ते अडाणी नाहीत; त्यांचं साडेबावीस सेकंदांचं गणित बदललेलं नाही. आखूडपणालाही तळ असतो, हे 10 मिलिमीटरच्या स्टेमने दाखवलं. हँडलच्या बाकामुळे तळहात अक्षाच्या मागे गेले, आणि मोंड्रेकर स्वतःच 30 वर स्थिरावली.

नवी सायकल घेणाऱ्याला यामुळे स्टेमची फारशी काळजी करावी लागत नाही. सांगाडा रीच पाहून निवडला की 35 ते 50 मधला कोणताही चालतो, आणि खालचे छल्ले काढून-घालून उंची जमवताना 64 अंशांच्या नळीवर दर 10 मिलिमीटरमागे हँडल साडेचार मिलिमीटर मागे येतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. अडचण आहे ती नव्वदच्या दशकातली सव्वीस इंची सायकल उतारावर न्यायची हौस असणाऱ्याची. त्याने आधी हँडल 700 च्या पुढे न्यावं, मग स्टेम 135 वरून 80-70 पर्यंतच आणावा आणि थांबावं. त्याखाली गुडघे हँडलला लागतात.